जॉनी मारने 'द स्मिथ्स' सोडला, त्यात संगीताचं नुकसान झालं की फायदा?

तारछेड
१९८७ साली गिटारिस्ट जॉनी मार 'द स्मिथ्स' या इंग्लिश रॉक बँडमधून बाहेर पडला तेव्हा २३ वर्षांचा होता. पुढे 'द प्रिटेंडर्स', 'द द', गायक बर्नार्ड सम्नरबरोबर 'इलेक्ट्रॉनिक', मग अमेरिकेतला 'मॉडेस्ट माउस', पुन्हा इंग्लंडमध्ये 'द क्रिब्स'. "कुठेच टिकला नाही, वाया गेला" हे त्याच्याबद्दल सारखं ऐकू येतं. मला ते मुळीच मान्य नाही. लांबलचक सोलो वाजवून भाव खाणारा हा गिटारिस्ट नव्हेच. कॉर्डचे सूर सुटेसुटे करून तो गायकाच्या भोवतीनं वाजवतो, आणि असा माणूस कुठल्याही बँडला हवाच असतो. बँड बदलल्यामुळेच तो घडत राहिला.

साउंडचेक
साफ असहमत. १९८४ ते ८७ या काळात स्मिथ्सचे चार स्टुडिओ अल्बम आले. शब्द गायक मॉरिसीचे, संगीत मारचं. 'द द' मात्र मॅट जॉन्सनचा आणि 'मॉडेस्ट माउस' आयझॅक ब्रॉकचा. तिथे मार पाहुणाच.

स्मिथ्सच्या 'हाउ सून इज नाऊ' गाण्यातली ती थरथरणारी गिटार आठवा. आधी रेकॉर्ड केलेली गिटार चार फेंडर ट्विन रिव्हर्ब ॲम्पमधून सोडली आणि प्रत्येकाचा ट्रेमोलो (आवाज लयीत कमीजास्त करणारा परिणाम) हातानं गाण्याच्या लयीत धरून ठेवला. लय निसटली की टेप थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा सुरू. निर्माता जॉन पोर्टर आणि मार, दोघं बटणांवर बसलेले. इतका हट्ट माणूस स्वतःच्या गाण्यासाठीच करतो. दुसऱ्याच्या बँडमध्ये हे कोण करू देणार?

तारछेड
पाहुणा कसा? 'इलेक्ट्रॉनिक' निम्मा त्याचाच होता. 'मॉडेस्ट माउस'मध्येही तो रीतसर सदस्य म्हणून गेला, आणि २००७चा त्यांचा अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. अमेरिकेत स्मिथ्सना हे कधीच जमलं नव्हतं.

साउंडचेक
खपावर दर्जा ठरवायचा असेल तर बोलणंच खुंटलं.

चौथी तार
बँड सोडण्यामागचा व्यवहारही बघा ना. स्मिथ्सला धड मॅनेजर टिकत नव्हता आणि ती कामंही मारच्याच गळ्यात पडत होती. पैशाचं तर विचारूच नका. रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या नफ्यातले ४०-४० टक्के मॉरिसी आणि मारचे, ड्रमर माइक जॉइस आणि बेसिस्ट अँडी रूर्कला १०-१०. रूर्कनं तडजोड केली, जॉइस कोर्टात गेला. १९९६ साली लंडनच्या हायकोर्टानं त्याला समान भागीदार मानून २५ टक्के हिस्सा दिला. गाणी लिहिण्याची रॉयल्टी वेगळी, तिला या निकालानं धक्का लागला नाही. म्हणजे ज्या चौघांच्या एकीचं आपण कौतुक करतो, त्यांच्यात कोण किती भागीदार हेच ठरलेलं नव्हतं. अशा घरात राहून मारनं आणखी दहा अल्बम केले असते, असं कशावरून?

फीडबॅक
बँड बदलण्याची किंमत काय असते ते गिटारिस्ट जॉन मॅकगीऑककडे बघून कळतं. 'मॅगझिन', 'व्हिसाज', 'सूक्सी अँड द बॅनशीज', 'पब्लिक इमेज लिमिटेड', सगळीकडे त्यानं गिटारचा आवाजच बदलून टाकला. बॅनशीजच्या १९८१च्या 'स्पेलबाउंड' गाण्यातल्या त्याच्या वादनाचं मारनं स्वतः जाहीर कौतुक केलंय. पण चारही बँड ओळखले जातात ते गायकांच्या नावानं. पुढे मॅकगीऑकनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि २००४ साली ४८व्या वर्षी तो गेला. मला हे फार लागतं. एकाच बँडमध्ये राहिला असता तर त्याचं नाव आज घराघरात असतं.

चौथी तार
@फीडबॅक, नाव कमी झालं हे खरं, पण वादन कुठे कमी पडलं? हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

साउंडचेक
मॅकगीऑकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो जाईल तिथे बँडचा नकाशा बदलायचा. मारनं १९८७ नंतर असं काय बदललं? एक गाणं सांगा.

तारछेड
'इलेक्ट्रॉनिक'चं १९९१चं 'गेट द मेसेज'. खाली यंत्राचा नाचरा ठेका, वर मारची अकूस्टिक गिटार आणि सम्नरचा थंड आवाज. स्मिथ्सच्या चौकटीत सिंथेसायझर आणि ड्रम मशीनला एवढी जागा मिळाली नसती. मारला ती हवी होती, म्हणून तो ती असेल तिथे गेला.