देवाची इच्छा म्हणून घेतलेला निर्णय चुकला तर जबाबदारी कोणाची? मदत हवी आहे

सर्वांना सलाम. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची जमीन विकायची की ठेवायची, हे आम्हा नवरा-बायकोला ठरवता येईना. शेवटी वहीच्या कागदाच्या दोन चिठ्ठ्या करून पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ठेवल्या, प्रार्थना केली आणि मुलाला एक उचलायला लावली. 'विका' निघाली. विकली. पैसा धंद्यात घातला आणि बुडाला.

परवा सासूबाईंनी विचारलं, "विका म्हणालं कोण?" मी पटकन म्हणाले, "देवानंच दिली ना चिठ्ठी!" त्या काही बोलल्या नाहीत, भाजी निवडत राहिल्या. रात्री उत्पत्तीचा तिसरा अध्याय वाचला. मना केलेलं फळ खाल्ल्यावर आदामही देवाला असंच म्हणतो, तू दिलेल्या स्त्रीनं मला फळ दिलं. वाचून मला फार लाज वाटली. धंद्याचा हिशोब आम्ही कोणालाच दाखवला नव्हता, हे खरं.

यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली (प्रेषितांची कृत्ये 1:26), शास्ते पुस्तकातल्या गिदोनानं लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, हे मला माहीत आहे. पण याकोबाच्या पत्रात (1:5) ज्ञान मागायला सांगितलंय. मग विचार करणं आपल्यावरच आलं ना?

आता मुलाची दहावी झाली. सायन्स की डिप्लोमा, यावर तो म्हणतो, "आई, चिठ्ठी टाकूया." त्याला काय सांगू? तुम्ही प्रार्थना आणि चौकशी यांचा मेळ कसा घालता? आणि सासूबाईंची माफी मागायचीय, सुरुवात कशी करू? पाळकसाहेबांकडे जाण्याआधी अनुभवी बहिणी-भावांनी कृपया लिहावं.