शब्दचर्चा : वतनदार, जहागीरदार की जमीनदार? विल्यम मार्शलच्या वारसाहक्काचे शब्द

वाटसरू

मंडळी, विल्यम मार्शलवर एक लेख लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय. हा गृहस्थ १२१९ मध्ये वारला, पेम्ब्रोकचा अर्ल आणि शेवटी इंग्लंडच्या अल्पवयीन राजाचा कारभारी म्हणून. बापाचा चौथा मुलगा, त्यामुळे वडिलार्जित जमिनीतून हाती काही लागायची आशा नव्हती. ऐन तारुण्य फ्रान्समधल्या टूर्नामेंटांत, म्हणजे सरदारांच्या लुटुपुटीच्या लढायांत, गेलं; हरवलेल्या सरदारांचे घोडे आणि खंडणी यांवर गुजराण. चाळिशीपर्यंत म्हणावी अशी जमीन नाही. ११८९ मध्ये राजा रिचर्डने इझाबेल द क्लेअर त्याला बायको म्हणून दिली आणि लग्नासरशी चेपस्टोचा किल्ला, वेल्सच्या सीमेवरचा मुलूख, नॉर्मंडीतला वाटा आणि आयर्लंडातलं लेन्स्टर एवढं घरात आलं.

आत्ता मी त्याला 'जमीनदार' म्हटलंय. खटकतंय. शिवाय त्याच्या सुनेच्या 'डॉवर'साठी एका कोशात सरळ 'हुंडा' दिलाय. आणि पुढे पाचही मुलगे निपुत्रिक गेले, इस्टेट पाच मुलींकडे गेली, त्या मुलींना काय म्हणायचं? नुसतं 'वारसदार' फार ढोबळ वाटतं.

दप्तरी

जमीनदार नकोच. त्या शब्दाने डोळ्यासमोर कुळं आणि खंड येतो, आणि जमीन त्याच्या मालकीची होती असं वाटतं. तिथे सिद्धांत असा की जमीन राजाची. धारकाने तिच्या बदल्यात ठरलेले घोडेस्वार पुरवायचे. म्हणजे सरंजामाच्या जवळ. पण सरंजाम मुळात चाकरीपुरता, आणि मार्शलची जमीन कायद्याने थोरल्या मुलाकडे जाणारी, म्हणजे वतनाच्याही जवळ. दोन्हींत मोडत नाही म्हणून मी 'जहागीर' वापरेन. ढिला शब्द आहे, पण इथे त्याचा ढिलेपणाच कामाचा.

'रिलीफ'साठी मात्र 'नजराणा' चपखल बसतो. बाप गेल्यावर जहागीर नावावर करून घ्यायला वारसाने राजाला द्यायची रक्कम. राजे ती मनाला येईल तशी उकळत, म्हणून १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत अर्ल आणि बॅरन यांच्यासाठी ती १०० पौंडांवर बांधली. १२१६ आणि १२१७ मध्ये हीच सनद पुन्हा काढली तेव्हा राजा पोरवयाचा, म्हणून तीवर मार्शलची मोहर आहे. स्वतःच्या पोरांचा नजराणा स्वतःच्या मोहरेने ठरवून ठेवणारा जहागीरदार!

अवांतर : सत्तरीच्या घरात असताना हा मार्शल इंग्लंडातल्या लिंकन गावच्या लढाईत घोड्यावर होता, हे लेखात घ्याच.

निर्मलाताई

डॉवरला हुंडा म्हणणारा कोश बाजूला ठेवा. हुंडा मुलीकडून जातो, डॉवर नवऱ्याच्या जमिनीतून येतो: साधारण तिसरा हिस्सा, विधवेला हयातीपुरता. विकायचा नाही, मुलांच्या नावे करायचा नाही. ती गेली की मूळ वारसाकडे परत.

'पोटगी'ही नको. पोटगी देणाऱ्याच्या ऐपतीवर, हा मात्र तिचा स्वतःचा दावा. 'चोळीबांगडी' सुचवायचा मोह मला झाला होता, पण त्यात देणाऱ्याची मर्जी आली. मी 'विधवेचा तहहयात हिस्सा' लिहीन. लांब आहे खरा. पहिल्यांदा तो लिहा आणि पुढे खुशाल 'डॉवर'.

तुम्ही म्हणता ती सून बहुधा एलिनॉर, राजा तिसऱ्या हेन्रीची बहीण. धाकट्या विल्यमची बायको, १२३१ मध्ये विधवा झाली. आयर्लंड आणि वेल्समधल्या डॉवरच्या बदल्यात वर्षाला ४०० पौंड पदरात टाकले आणि हे फार कमी झालं म्हणून ती शेवटपर्यंत भांडत राहिली. पुढे सायमन द माँफोर्ट या सरदाराशी लग्न झालं तरी भांडण सुटलं नाही. १२५९ मध्ये फ्रान्सशी तह करताना तिने नॉर्मंडीवरचा आपला हक्क सोडावा म्हणून भाऊ मागे लागला, तर ही म्हणाली, आधी माझ्या डॉवरचं बघा. दोन राज्यांचा तह एका विधवेच्या हिश्श्यापायी खोळंबला. या बाईसाठी 'पोटगी' शब्द चालेल का, तुम्हीच सांगा.

वाटसरू

ताई, तीच एलिनॉर. 'तहहयात हिस्सा' घेतला. आता मुलींचं सांगा कुणी.

काळाकोट

मुलींसाठीचा इंग्रजी कायद्यातला शब्द 'कोपार्सनर'. आपल्याकडे वकिलीत रोज तोंडात असतो, मराठीत 'सहदायाद'. गंमत पुढे आहे. तिथला तेव्हाचा नियम असा, की मुलगा असेल तर थोरला सगळं घेणार, धाकट्यांना आणि बहिणींना काही नाही. मुलगाच नसेल तर मात्र मुलींमध्ये थोरली-धाकटी न बघता सारखी वाटणी. त्यामुळे इंग्लंडात कोपार्सनर म्हटलं की मुख्यतः बहिणी-बहिणीच समोर येतात. तोच शब्द इंग्रजांच्या न्यायालयांनी आपल्या एकत्र कुटुंबाला लावला आणि इथे तो झाला फक्त पुरुषांचा: बाप, मुलगा, नातू, पणतू. मुलींना त्यात शिरायला महाराष्ट्रात १९९४ ची दुरुस्ती यावी लागली (तीही तोवर लग्न झालेल्यांना वगळून), आणि देशभर २००५ ची.

म्हणून 'सहदायाद' लिहिलंत तर वाचकाला सातबाऱ्यावरचे भाऊ दिसतील. माझं मत, 'समान वाटेकरी बहिणी' असं उघड लिहा.

दप्तरी

काळाकोट यांच्याशी सहमत, पण 'तक्षीम' विसरू नका. वतनाचा वाटा, त्या वाट्याचा वाटा, असं उतरत जाणं दाखवायला दुसरा शब्द नाही, आणि मार्शलांच्या घरी नेमकं तेच झालं. मुलगे एकामागून एक गेले: विल्यम १२३१, रिचर्ड १२३४, गिल्बर्ट १२४१ (टूर्नामेंटमध्ये, बापाने जिथे नाव काढलं त्याच खेळात), वॉल्टर आणि अॅन्सेल्म १२४५ च्या अखेरीस महिन्याभराच्या अंतराने. १२४७ ची वाटणी झाली तेव्हा बहिणींपैकी थोरली मॉडच हयात होती. बाकी चौघींच्या जागी त्यांची मुलं. एकट्या लेन्स्टरचे पाच तुकडे झाले: मॉडला कार्लो, तिची बहीण इझाबेल हिच्या मुलाला किल्केनी, सिबिलच्या वाट्याला किल्डेअर, ईव्हाकडे डनमेस आणि भोवतालचा मुलूख, जोनकडे वेक्सफर्ड. सिबिलला मुलगा नाही, मुली सात. म्हणजे पाचव्या हिश्श्याचे पुन्हा सात, प्रत्येकीची तक्षीम पस्तिसावी!

निर्मलाताई

आणि वडीलपण? जमीन समान वाटली तरी राजदरबारातलं मार्शल हे मानाचं पद वाटता येईना. ते मॉडला मिळालं आणि तिच्याकडून नॉरफोकच्या बिगॉड घराण्यात गेलं. पदाची खूण म्हणून एक काठी असे. ती तिच्या हाती आली. पाटीलकीत हिस्से पडले तरी शिक्का आणि पहिला मान वडील घराकडे राहतो, तसंच.

वाटसरू

वा, 'वडीलपण' डोक्यातच आलं नव्हतं. एक शेवटचं. मरणशय्येवर म्हाताऱ्याने धाकट्या अॅन्सेल्मला काहीच ठेवलं नव्हतं. पोराने स्वतः मिळवावं, असं त्याचं मत. जवळच्या माणसाने गळ घातली तेव्हा १४० पौंड उत्पन्नाची जमीन दिली. या देण्याला 'इनाम' म्हणू का?

काळाकोट

इनाम नको, त्यात सारामाफी येते. बाप हयातीत, थोरल्याच्या वाट्यातून देतोय, तर 'तोडून दिली' म्हणा. आपल्या आज्या-पणज्या अशा जमिनीला हेच म्हणत.