'लिंबातून रक्त' प्रयोगाचा रंग फिका येतोय, मदत हवी आहे

करणी-भानामतीच्या नावाखाली लिंबातून 'रक्त' काढून दाखवतात, त्यामागचं रसायन सातवी-आठवीच्या मुलांना दाखवायचं आहे. सुरीला मिथिल ऑरेंज (आम्लात लाल होणारा दर्शक रंग) लावून वाळवायचं आणि कागदी लिंबू कापायचं, ही नेहमीचीच पद्धत. रसाचा पीएच 2 ते 3 आणि मिथिल ऑरेंज 3.1 च्या खाली लाल, त्यामुळे रंग बदलतोच. अडचण आहे ती गडदपणाची. पात्यावरचा ओघळ लाल दिसतो, पण बशीत पडलेला थेंब सरबतासारखा केशरी-गुलाबी. मागच्या बाकावरून तर काही कळतच नाही.

तयार 0.1 टक्क्याचं द्रावण आधी दोन हात, मग पाच हात लावून पाहिलं, फरक थोडाच. पूड पाण्यात कालवून फासली तर वाळल्यावर पापुद्रे निघतात, शिवाय पातं आधीच पिवळं दिसतं, म्हणजे गुपित फुटलंच. जास्वंदीची पाकळी घासली तर नुसती गुलाबी झाक. हळद-चुन्याचा लाल इथे निरुपयोगी, आम्लात तो परत पिवळा होतो. फेरिक क्लोराइड आणि थायोसायनेटने हुबेहूब रक्ताचा रंग येतो, पण मुलं हात लावणार, म्हणून ते नको. (कापलेलं लिंबू लगेच फेकून देतो, कुणी चाटत नाही.)

मिथिल ऑरेंज स्पिरिटमध्ये विरघळत नाही, तेव्हा पाणीच हवं. गरम पाण्यात दाट द्रावण करून लावलं तर निवल्यावर खडे धरतात का? आणि थर पात्याला चिकटून राहावा म्हणून त्यात डिंक घालायचा तर 10 मिलीला किती?