कोणी आरोपच केला नव्हता, मग क्षमा कशाची मागायची?

प्रश्न : सदरकर

नागपुरातील आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीवर मी गेली सहा वर्षे आहे. यंदाच्या उपकारस्तुतीच्या सणाला सभासदांनी अर्पण म्हणून आणलेल्या धान्याचा, भाज्यांचा आणि संत्र्यांच्या टोपल्यांचा नेहमीप्रमाणे लिलाव झाला, आणि संध्याकाळी हिशेब जुळवताना ३,४०० रुपये कमी भरले. त्या दिवशी टेबलाजवळ टोपल्या उचलून देण्याचे काम एका तरुणाकडे होते. तो छत्तीसगडहून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबातला, उपासनेला येऊ लागून आठ-नऊ महिने झालेला, मोडकीतोडकी मराठी बोलणारा. त्याचे नाव कोणीही घेतले नाही. मात्र पुढच्या रविवारपासून अर्पणाची थाळी फिरवण्याचे त्याचे काम दुसऱ्याकडे गेले, आणि त्या निर्णयाला मीही मान डोलावली होती. तीन आठवड्यांनी उलगडा झाला की, एका जुन्या, प्रतिष्ठित सभासदाने बोली जिंकून पैसे नंतर देतो असे सांगितले होते आणि खजिनदारांनी ती रक्कम रोख मिळाली असे लिहून ठेवले होते.

तोंडाने कोणीच काही बोलले नसताना, दोष काढू नका ही प्रभूची आज्ञा आम्ही मोडली असे म्हणता येईल का? आणि आता क्षमा मागितली, तर ज्या संशयाची त्याला कदाचित कल्पनाही नाही, तो आम्हीच त्याच्या कानावर घातल्यासारखे होणार नाही का?

उत्तर : खंडपीठवाला

मी येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करतो, तेव्हा भाषा थोडी कोर्टाची वाटेल. आरोप केला नाही ही आपली जमेची बाजू नव्हे, तीच खरी अडचण आहे. आरोप झाला असता तर त्या तरुणाला उत्तर तरी देता आले असते. आपण सुनावणी न घेताच शिक्षा अमलात आणली. सरकारी कार्यालयातल्या कायम शिपायाला बडतर्फ करायचे झाले तरी त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते. बायबलात योहान ७:५१ मध्ये निकदेम परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, हेच विचारतो, की माणसाचे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय. बायबलातील अनुवाद या पुस्तकाच्या १९:१५ प्रमाणे एका साक्षीदारावर कोणाचा अपराध शाबीत होत नाही, आणि आपल्याकडे तर एकही साक्षीदार नव्हता.

आणखी एक. लेवीय १९:१५ गरिबाची बाजू घेऊ नका असेही सांगते आणि थोरामोठ्यांची भीड धरू नका असेही सांगते. रक्कम कमी भरली त्या संध्याकाळी, बोली जिंकणाऱ्या प्रत्येकाला पैसे दिलेत का, असे कोणी विचारले होते का?

उत्तर : कुसळ-मुसळ

मी अनेक वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या बायबलवर्गात, शिकवते. दोष काढू नका ही आज्ञा मत्तयाच्या सातव्या अध्यायात आहे, आणि तिच्यापाठोपाठचा भावाच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ हा दृष्टान्त मराठीत फार घरगुती झाला आहे. मुसळाच्या जागी असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घराची तुळई असा आहे. आपल्याकडे कुसळाशी यमक जुळणारे मुसळ आले आणि त्याची म्हणच झाली, त्यामुळे ते वचन ऐकून आपण हसतो आणि पुढे जातो. पण येशू मुसळावर थांबत नाही. आधी ते काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असे पाचव्या वचनात आहे. हिशेब तपासू नका, असा त्या आज्ञेचा अर्थ मुळीच नाही. योहान ७:२४ मध्ये तोच प्रभू यथार्थ न्याय करायला सांगतो. नको आहे ते तोंड पाहून न्याय करणे.

याकोबाच्या पत्रात पक्षपातासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ तोंड पाहून स्वीकारणे असा होतो. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळके कपडे घातलेल्याला पायांपाशी, असे त्याचे उदाहरण आहे. तुमच्याकडे अंगठीच्या जागी अस्खलित मराठी होती, एवढाच फरक. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी ज्या शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेथे बोलीवरून परका ठरवावे याचे मला वाईट वाटते. आणि त्याला कल्पना नसेल, हे मनातून काढून टाका. ज्याच्या हातातली थाळी जाते, त्याला ती का गेली हे कळतेच.

उत्तर : मोहननगर

ताईंशी मी पूर्ण सहमत नाही. पुष्कळदा क्षमा मागणारा स्वतःचे ओझे उतरवतो आणि ऐकणाऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. त्यातून वेदीसमोर उभे राहून जाहीर क्षमा मागितली, तर ज्यांना काही ठाऊक नव्हते त्यांनाही चोरी आणि तो तरुण ही जोडी कायमची लक्षात राहील. थाळी परत द्यावी, आणि बोलायचेच असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे एकांतात बोलावे. ते वचन अपराध ज्याच्याविरुद्ध घडला त्याला उद्देशून आहे, हे मला माहीत आहे. तरी एकांताची रीत इकडेही लागू पडते.

सदरकर

सर्वांचे आभार. मी काल एकटाच त्याच्या घरी गेलो होतो. मी वाक्य पूर्ण करण्याआधीच त्याने सांगितले की, त्याला त्याच रविवारी समजले होते. मग येत का राहिलास, असे मी विचारले. येणे बंद केले असते तर तुमची खात्री पटली असती, असे तो म्हणाला. थाळी पुन्हा घेशील का, यावर त्याने अजून होकार दिलेला नाही. पुढच्या लिलावापासून दोघांनी मोजून दोघांनी सही करावी आणि उधारीची वेगळी वही ठेवावी, असा ठराव मी समितीपुढे मांडणार आहे. खजिनदारांना मात्र यात आपले काही चुकले असे अजूनही वाटत नाही.