मैत्रीतल्या पोकर टूर्नामेंटमध्ये बघ्यांनी पैज लावली तर बिघडतं काय?

रिव्हरवर_रडलेला:
आमचा ग्रुप महिन्यातून एकदा टूर्नामेंट खेळतो, वीस-बावीस जण, एन्ट्री सगळ्यांची सारखी, बक्षीस पहिल्या तिघांना. प्रॉब्लेम असा की दोन तासात निम्मे बाद होतात आणि मग काय, मोबाइल चाळत बसतात नाहीतर सरळ कल्टी मारतात, फायनल टेबल बघायला चार टाळकी उरतात. म्हणून डोक्यात आलंय की शेवटचे आठ राहिले की बाहेरच्यांनी त्यांच्यावर पैज लावायची. बुकी वगैरे कोणी नाही. पैजेची सगळी कूपनं एका डब्यात, आणि जो जिंकेल त्याच्यावर लावणाऱ्यांमध्ये डबा वाटून टाकायचा. समजा 60 कूपनं जमली, त्यातली 30 एकट्या फेव्हरेटवर, तर तो जिंकल्यावर एकाची दोनच मिळणार, पण कोपऱ्यातल्या गप्प माणसावर फक्त 4 असतील तर एकाची 15! घोड्यांच्या शर्यतीत चालतं तसंच, जोसेफ ओलेरनं 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये काढलेली पद्धत, मी काही नवीन शोध लावलेला नाही. कमिशन नाही, आयोजकाला तोटा नाही. बोला.

पत्तेपिसारा:
मी दरवेळी पहिल्या तासात बाद होतो त्यामुळे माझा पूर्ण पाठिंबा 😄 निदान थांबायला कारण तरी मिळेल.

शांत_डीलर:
आम्ही हे करून बसलोय, नका करू.

एकदाच केलं होतं. तिघे उरलेले, ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम) स्मॉल 500, बिग 1000. बिग ब्लाइंडवाल्याकडे ब्लाइंड धरून एकूण 1200, म्हणजे मेलेलाच. तिसऱ्याने, बटणवाल्याने, फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकून दिले. स्मॉल ब्लाइंडवाल्यासमोर तीसेक हजारांचा ढीग, त्याचे 500 आधीच गेलेले, फक्त अजून 700 टाकायचे आणि जिंकला तर मिळणार 1700. इथे हातात सत्ता-दुग्गीसारखे फालतू पत्ते असले तरी टाकायचे असतात, कारण समोर कुठलेही पत्ते धरले तरी सरासरी तिनात एकदा तेसुद्धा जिंकतात आणि हिशोबाला तेवढं पुरतं. पठ्ठ्याने दोन सेकंद पत्ते बघितले आणि फोल्ड! आणि त्या बिग ब्लाइंडवाल्यावर कोणाची कूपनं होती? याच्याच जिगरी दोस्ताची, तो मागे खुर्चीला टेकून उभा. विचारलं तर म्हणे "कचरा होता रे." पत्ते तर टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात गेलेले, सिद्ध काय करणार? पैज नसती तर त्याला "घाबरट" म्हणून सगळे हसले असते. त्या रात्री कोणी हसलं नाही, आणि पुढच्या टूर्नामेंटला दोघे आलेच नाहीत.

रिव्हरवर_रडलेला:
पण दोस्ताशी मुद्दाम नरम खेळणं पैजेशिवायही होतंच की, आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना कधी रेझ करत नाहीत, म्हणजे रक्कम वाढवत नाहीत, सगळ्यांना माहितीये. मग दोष पैजेचा कसा?

शांत_डीलर:
नवरा-बायकोचं तुम्ही चालवून घेता कारण बाहेरच्या कोणाचं काही जात नाही. डबा ठेवलात की जाईल. नुकसान झालेला माणूस प्रत्येक फोल्डचा जाब विचारणार आणि टेबलवरच्या माणसाने तो का द्यायचा?

हिशोबी_जोकर:
दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. खेळाडू स्वतःच्या बक्षिसातला वाटा आधीच विकतो ते वेगळं, तिथे विकणारा आणि घेणारा दोघांनाही तोच जिंकायला हवा असतो. पैजेत तुमचा फायदा दुसरा कोणी हरण्यात असतो. त्यातही "जिंकणार कोण" एवढ्यावर ठेवलं तर जरा तरी बरं, कारण ठरवून जिंकणं अवघड आहे. पण लोक तिथे थांबत नाहीत, पुढच्या वेळी कोणीतरी म्हणणार "पहिला बाद कोण होणार" यावर लावू, आणि ठरवून बाद व्हायला काय लागतं, डोळे मिटून ऑल-इन, सगळ्या चिप्स एकदम पुढे! दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन क्रोनिए आठवतोय ना? 2000 मधली सेंच्युरियन टेस्ट, ड्रॉ होऊ नये म्हणून बुकीनं दिलं काय तर थोडे पैसे आणि लेदरचं जॅकेट. माणूस फुटायला रक्कम मोठीच लागते असं नाही.

पत्तेपिसारा:
अहो ते इंटरनॅशनल क्रिकेट, आपण कूपनं खेळतोय, कशाला एवढं ताणता. आणि मोठे खेळाडू तर सर्रास लावतात. 2010 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये टॉम ड्वान हा नावाजलेला खेळाडू 1500 डॉलर एन्ट्रीच्या इव्हेंटमध्ये दुसरा आला, सायमन वॉटने हरवलं. पहिलं बक्षीस सहा लाख डॉलरच्या वर होतं पण ड्वानने बाहेर लावलेल्या पैजा त्याच्या कितीतरी पट. मजा आली की नाही बघायला?

हिशोबी_जोकर:
आली. पण तो स्वतः जिंकेल यावर लावून बसला होता, म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं झालं.

आधीच_बाद:
एक साधी गोष्ट कोणीच बोलत नाहीये. लहान टूर्नामेंटमध्ये बघे म्हणजे कोण? तासाभरापूर्वी त्याच टेबलवरून उठलेले लोक! खुर्चीमागे उभे राहतात, चार जणांचे पत्ते दिसतात. आता नुसते "अरेरे" करतात आणि एक हात (डाव) एकाच खेळाडूने, कोणाच्या मदतीशिवाय खेळायचा हा नियम असल्यामुळे त्यांना गप्प करता येतं. कूपनं लावल्यावर तो "अरेरे" कोणासाठी होता हे कोण ओळखणार? टीव्हीवर पत्ते दाखवतात पण प्रक्षेपण उशिरा करतात ते उगाच नाही. आणि हो, आपापसात खेळणं आणि दुसऱ्याच्या खेळावर पैजा घेणं कायद्याला बऱ्याच ठिकाणी सारखं दिसत नाही. डबा सांभाळणारा आधी गोत्यात.

रिव्हरवर_रडलेला:
डब्याचं पटलं, मीच सांभाळणार होतो 😅 पण रिकाम्या खोलीत फायनल खेळायचा कंटाळा आलाय त्याचं काय? मग असं करू, सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी चिठ्ठीवर तीन विजेते आणि पहिला बाद होणारा लिहायचा, फुकट, ज्याचं सगळ्यात जास्त बरोबर त्याला पुढची एन्ट्री माफ. निकाल ऐकायला तरी थांबतील.

शांत_डीलर:
हे चालेल. बक्षीस एवढंच ठेवा, वाढवू नका.

पत्तेपिसारा:
पहिला बाद म्हणून स्वतःचंच नाव लिहिलं तर चालतं का?

शांत_डीलर:
घ्या, झाली सुरुवात.