अनुभव धागा : बालवाडी, अंगणवाडी, विशेष शिक्षण – खान्देशातल्यांनी लिहा

बारावीचे निकाल लागले की ‘लहान मुलांना शिकवायचंय, काय करू?’ आणि ‘स्पेशल बी.एड.ला (दिव्यांग मुलांना शिकवायची पदवी) नोकरी आहे का?’ हे दोन प्रश्न ठरलेले. माहितीपत्रकं कुठेही मिळतात. वर्गात उभं राहिल्यावर काय होतं, ते जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्यांनी सांगा. शाळेचं नाव नको, पगाराबद्दल मात्र लाजू नका.

अमळनेर, नर्सरी
आमचं गाव साने गुरुजींचं, म्हणून शिक्षकाला मान. पण ‘नर्सरीवर आहे’ म्हटलं की ‘मग खरी नोकरी कधी?’ २०२०च्या धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तरी पालकांना साडेतीन वर्षांच्या पोराची चाररेघी वही भरलेली हवी असते. मी दादर ज्वारीचे दाणे चिमटीने वाटीत टाकायला लावते. बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही. एक आजोबा म्हणाले, ‘फी भरून दाणे निवडायले धाडं का?’ त्यांना वर्गात बसवून घेतलं. आता तेच घरून दाणे पाठवतात.

साक्री तालुका, अंगणवाडी सेविका
आम्हाला पगार नाही, मानधन. १९७५ पासूनची योजना, अजून शब्द तोच. पोषण ट्रॅकर हे सरकारी अॅप भरण्यात दिवसाचा मोठा तुकडा जातो, आहार, वजनं, लसीकरण वेगळंच. शिकवणं उरलेल्या वेळात. तरी सांगते, आपल्या बोलीत मूल पटकन मोकळं होतं. ‘माले पानी जोयजे’ म्हणणाऱ्याला आधी पाणी द्या. ‘मला पाणी हवं’ नंतर येतंच.

धडगाव-शहादा पट्टा, समावेशित शिक्षण (दिव्यांग मुलं नेहमीच्या शाळेत)
वरच्या बाईंचा बोलीचा मुद्दा आमच्याकडे फार गंभीर होतो. सातपुड्यातली मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, शाळा मराठी. यादीत ‘मतिमंद असावा’ असा शेरा असलेला एक मुलगा मला शेळ्यांमागे सापडला. तिथे तो शेळ्यांशी, भावाशी, माझ्यासोबतच्या मदतनिसाशी अखंड बोलत होता. अडचण फक्त वर्गातल्या भाषेची होती. उलटही होतं. ‘मराठी येत नाही म्हणून गप्प बसते’ असं सगळे म्हणत होते, त्या मुलीला ऐकूच कमी येत होतं आणि दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून माझा क्रम ठरलाय : आधी कान-डोळे तपासून घ्यायचे, मग आजीला तिच्या बोलीत विचारायचं की मूल घरी कसं बोलतं, कामं सांगितली तर करतं का. बुद्धीबद्दल बोलायचं ते त्यानंतर. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे मजुरी बुडते. दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला निघतात, तेव्हा सुरू झालेला सराव तुटतो. परत आल्यावर पुन्हा श्रीगणेशा. इथे काम करायचं असेल तर पदवीबरोबर एक बोली शिकून या.

चाळीसगाव, फिरता विशेष शिक्षक
करारावर. गावं भरपूर, पेट्रोल बहुतेकदा खिशातून. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे १ शिक्षक (प्राथमिकला) सांगितलंय. माझ्या वाट्याची मुलं मोजू नका.

भुसावळ, आई आणि आता विशेष शिक्षिका
मुलगा स्वमग्न (ऑटिझम). त्याच्यासाठी शिकायला लागले आणि याच कामात आले. नव्या मुलींना एकच सांगते : फी भरण्याआधी कोर्स भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः बघा. १९९२च्या कायद्याने परिषदेकडे नोंदणी लागते, तिच्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. माझ्या मैत्रिणीने जवळच्या एका संस्थेत ‘विशेष शिक्षण प्रमाणपत्र’ घेतलं, पैसे गेले, नोंदणी झाली नाही. आणखी एक. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, पण विशेष शिक्षणाच्या डी.एड., बी.एड.ला शाखा निवडावी लागते : बौद्धिक, श्रवण, दृष्टी वगैरे. कर्णबधिरांची शाखा घेऊन स्वमग्न मुलांकडे आलात तर बरंच नव्याने शिकावं लागेल.

*(धागा काढणारी : हे वरचं जपून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर यात आहे.)*

पारोळा, बारावी झालेली
मला मुलं आवडतात, एवढं पुरे का?

भुसावळ
नाही गं. प्रवेशाआधी महिनाभर एखाद्या विशेष शाळेत विचारून बस. लाळ पुसणं, चड्डी बदलणं, फिट आली तर कुशीवर वळवणं, चावा घेतला तरी न ओरडणं, हे रोजचं आहे. बटण लावायला शिकवण्यात आख्खं सत्र जातं. महिन्यानंतरही सकाळी जावंसं वाटलं तर फॉर्म भर, शाखा कोणती ते मला विचार. नाहीच वाटलं तर बालवाडीचं काम आहे की, तेही हलकं नाही.

पारोळा
जळगावला आत्याकडे राहून बघते. सोमवारी विचारायला जाते.