जुनी कॅम्पर व्हॅन लोक का बाळगतात?

धरमपेठकर: नागपूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या, चढावर धापा टाकणाऱ्या जुन्या कॅम्पर व्हॅनचा (आत झोपण्याची, चहापाण्याची सोय असलेल्या गाडीचा) सोस लोकांना का असतो? त्या पैशांत पेंचच्या जंगलात कितीतरी मुक्काम होतील.

महालवासी: आमच्याकडे वडिलांची मॅटाडोर व्हॅन आहे, मागचा लाकडी बाक उलगडला की त्याचा पलंग होतो. खिंडसी तलावाच्या काठी पहाटे दार उघडून, पाण्यावरचे धुके पाहत स्टोव्हवर चहा ठेवण्याचे सुख हॉटेलात मिळत नाही. (मे महिन्यात मात्र आम्हीही घरच्या कूलरसमोरच असतो.)

पाना-पक्कड: १९५० मध्ये उत्पादन सुरू झालेल्या फोक्सवॅगन टाइप २ या व्हॅनच्या जुन्या गाड्यांचे मागे बसवलेले इंजिन हवेने थंड होते, त्यामुळे त्यांत रेडिएटरच नसतो आणि बरीचशी दुरुस्ती मालकाला स्वतः करता येते, माझ्या मते खरी ओढ हीच आहे. उन्हाळ्यात तेल मात्र वरचेवर तपासावे लागते.

सिव्हिल लाइन्स: घेण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी केल्यास ती प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मुक्कामाच्या सहली त्यात बसत नाहीत.

धरमपेठकर: मग आधी महालवासींच्या मॅटाडोरमध्ये एक रात्र काढून पाहतो.